प्रिन्सिपल केमिस्ट्री, सब्सिडियरी फिजिक्स

नामदेव लिफाफा घेऊन आमच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत आला. वेधशाळेतल्या नोकरीसाठी केलेला त्याचा अर्ज परत आला होता.

"सर, मी एलिजिबल नाही म्हणतात."

"फर्स्ट क्लास बी.एस्सी. एलिजिबल नाही?" मी पत्र हिसकावून घेतलं. कारण एका ओळीत होतं: फिजिक्स प्रिन्सिपल हवं.

ही साठच्या दशकातली, पनवेलची गोष्ट. तेव्हा इंटर सायन्सनंतर दोन वर्षांत बी.एस्सी. व्हायची. एक विषय प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य. दुसरा सब्सिडियरी, म्हणजे जोडीचा. मुख्य फिजिक्स आणि जोडीला गणित घेणारा त्या विषयात खोल उतरायचा. मुख्य केमिस्ट्री घेणाऱ्याला फिजिक्स अर्धंमुर्धंच मिळायचं. लोकांच्या लेखी दोघेही बी.एस्सी.च.

इंटरनंतरचा नामदेवचा बी.एस्सी.चा फॉर्म मीच भरला होता. त्या काळी आसपासच्या गावांतून इंग्रजी कागद आला की थेट सायन्सच्या मास्तरांकडे यायचा. नामदेवचे वडील, गणानाना, करंज्याच्या कोळीवाड्यातून त्याला घेऊन आले होते. "मास्तर, आमाला काय कलतंय? तुमी लिवाल तां खरा," म्हणाले. केमिस्ट्रीला प्रॅक्टिकलचे मार्क चांगले पडतात, क्लास येईल, असा माझा हिशेब. मी प्रिन्सिपल केमिस्ट्री लिहून टाकलं. वडील आणि मास्तर बोलत असताना मुलानं तोंड उघडायचं नसतं. नामदेवनंही उघडलं नाही.

आता मात्र मी त्याला विचारलं, "वेधशाळाच का रे?"

"आमचा काका वादळात गेला, सर. होडी सुटली तेव्हा आभाळ निरभ्र होतं. शाळेत असल्यापासून मला वादळाची आगाऊ सूचना देण्याचंच काम करायचंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच वर्षं हा माझ्या वर्गात होता.

रविवार गाठून मी मुंबईला त्याच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रोफेसरांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "पुन्हा बी.एस्सी. करू दे. दोन वर्षं टर्म भराव्या लागतील." परत येऊन मी नामदेवला सांगितलं, तर त्यानं नकारार्थी मान हलवली. घरी आता दोन वर्षं थांबण्यासारखी परिस्थिती नव्हती. महिन्याभरात तो अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला.

दिवाळीत गणानाना त्याला घेऊन माझ्या घरी आले. सुक्या बोंबलांची जुडी ओट्यावर ठेवली. "मास्तर, तुमच्यामुलं पोऱ्या सायेब झाला."

"नाना, माझी चूक झाली," मी म्हणालो. "मी भलताच विषय लिहिला."

"चूक कसली? चांगली नोकरी हाय की!"

नामदेव माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, बाबांना नका सांगू. त्यांना आनंद झालाय."

पुढे मी तीस वर्षं शिकवलं. मुलाला कोणता विषय झेपेल, हे मास्तराला कळतं. त्याला तो कशासाठी हवाय, हे विचारल्याशिवाय कळत नाही.