चहाला न थांबणारी मॉरीन

टेकडीचा चढ निम्मा झाला होता. त्या दिवशी बस बंद, म्हणून इस्पितळातली सफाईची पाळी संपवून मॉरीन आणि कुंदा पायीच घरी निघाल्या होत्या. तेवढ्यात मॉरीनचा फोन वाजला. ती ऐकत राहिली आणि मग तिने अशी आरोळी ठोकली की कुंपणापलीकडच्या मेंढ्या उधळल्या.

"कुंदा, जिंकलो गं! लोकपालाने अपील मंडळाची चूक धरली!"

"म्हणजे टिलीला प्रवेश मिळाला?"

"छे, ते त्यांच्या हातात नाही म्हणे."

"मग जिंकलो काय, डोंबल!"

टिली मॉरीनची नात, आईवेगळी, तिच्याच पदरात वाढलेली. चर्चची शाळा यांच्या गल्लीच्या टोकाला. दुसरी मिळाली ती दोन बस बदलून जायची, आणि मॉरीनची पाळी तर उजाडायच्या आत सुरू. गल्लीतल्या शाळेत चर्चला नेमाने येणाऱ्यांच्या मुलांना आधी घेतात. मॉरीन लहानपणापासून दर रविवारी जाते, पण पहाटेच्या प्रार्थनेला, कारण रविवारी तिची पाळी जरा उशिरा, प्रार्थनेनंतर लागते. तिथे दर वेळी फिरतीवरचा वेगळा पाद्री. हजेरीची वही फिरते दहाच्या प्रार्थनेनंतर, चहाच्या वेळी. मॉरीन बिचारी आमेन म्हणून कामावर पळणार, चहाला कुठली थांबते! वहीत नाव नाही म्हणून शाळेने टिलीला नाकारलं, आणि दाद मागितली तर अपील मंडळाच्या तिघांनी मॉरीनला "पुरावा नाही" म्हणून वाटेला लावलं.

पण अन्याय दिसला की मॉरीनच्या अंगात येतं. थांबा सोडून पुढे निघालेली बस तिने एकदा फरशी पुसायचा दांडा आडवा धरून थांबवली होती. या तिघांतला मिशाळ गृहस्थ तिला शाळेच्या भिंतीवरच्या फोटोत दिसला, जुन्या संचालकांच्या रांगेत; म्हणजे निवाडा करणारा शाळेचाच माणूस! झालं, अशा मंडळांच्या कारभारावरची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या लोकपालाकडे बाईंनी तक्रार ठोकली.

"फोनवरची पोरगी गोड बोलली गं. म्हणाली, निकाल चूक की बरोबर ते आम्ही ठरवत नाही, सुनावणी सरळ झाली का तेवढंच बघतो. ती सरळ झाली नाही. आता नवे तिघे बसणार, पुन्हा पहिल्यापासून!"

"आणि तेही नाही म्हणाले तर?"

"तर नाही. पण ऐकतील तरी! मागच्या खेपेला तो मिशाळ नुसता घड्याळ बघत होता."

मॉरीनचे गाल लालबुंद झाले होते. सुजलेला गुडघा विसरून ती चढावर पुढे पुढे पळत होती. कुंदाला धाप लागली, हसूही आलं. देवा, हिच्या पदरात यश घाल, ती मनात म्हणाली.

"अगं थांब! पुरावा मात्र तोच, नाही का? नव्यांना काय दाखवणार?"

मॉरीन गर्रकन वळली.

"तुला."

"मला?"

"रविवारी पाळीआधी एकाच बसने चर्चपाशी उतरतो आपण. बाहेर गारठा म्हणून तू आत येऊन शेवटच्या बाकावर बसतेस. मी गुडघे टेकते तेव्हा शेजारी दुसरं कोण असतं? पुढच्या म्हाताऱ्यांची आपल्याकडे पाठ."

"अगं बाई, मी हिंदू! तुमची प्रार्थना चालते तेव्हा मी आपली रामनाम घेत असते. चर्चच्या शाळेसाठी माझा शब्द कोण धरणार?"

"रामनामाचंही सांग. एक अक्षर खोटं नको." मॉरीनने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "फक्त माझ्याआधी तू बोल. त्यांच्यापुढे मला रडू फुटतं. येशील ना, कुंदा?"