कवळीवाल्या मावशींचा अर्ज

कवळ्या बनवणाऱ्या मावशींना अख्खी गल्ली ओळखायची. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि मावशी खिडकीपाशी बसून मोटरवर कवळ्या घासून द्यायच्या. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं तीस वर्षं भरतंय," असं त्या हसून सांगायच्या.

एका सकाळी नवऱ्याच्या हृदयाच्या गोळ्या घेताना कार्ड चाललं नाही. दुकानदाराने पाकिटं परत कप्प्यात ठेवली. मावशी तशाच बँकेत गेल्या. तिथल्या अधिकाऱ्याच्या आईची कवळी त्यांनीच केलेली. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, खात्यावर रोक आहे. वरून आलीय."

"का पण?"

"ते सांगायची मला परवानगी नाही. नियम आहे." त्याने मागे वळून पाहिलं. "एक अर्ज द्या. वर्षभरात कोणाला पैसे पाठवले, कशासाठी पाठवले, सगळं लिहा."

मावशींना एकच व्यवहार आठवला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना पोलिसांनी मोर्चातून धरून नेलं होतं. वकिलाची फी भरायला मावशींनी त्यांच्या बायकोच्या खात्यात थोडे पैसे पाठवले होते.

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "हळू बोल." घरात दोघंच होती. बहिणीचा फोन वाजला, तो मावशींनी उचलला नाही. उरलेल्या गोळ्या नवरा दिवसाआड घेऊ लागला.

अर्जात मावशींनी आधी 'शेजारधर्म' असं लिहिलं. तो कागद फाडला. मग लिहिलं, 'मुलीच्या शाळेसाठी म्हणून त्या बाईंनी मागितले. वकिलाचं मला ठाऊक नव्हतं.' सही करून अर्ज बँकेत नेऊन दिला.

बेचाळिसाव्या दिवशी खातं सुरू झालं. का बंद होतं आणि का उघडलं, कोणी सांगितलं नाही. मावशींनीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात दुपारी दार वाजलं.

"मावशी, मी वरची. पैसे मागायला नाही आले हो. तुमचं खातं सुरू झालं म्हणे. आमचं अजून बंदच आहे. तुम्ही अर्जात काय लिहिलंत, तेवढं सांगाल? मीही तसंच लिहीन."

मावशींनी मोटर बंद केली आणि श्वास रोखून बसल्या. बाहेर ती बराच वेळ उभी होती. तिची पावलं जिना चढून गेली, वरचं दार लागलं, तरी मावशींना मोटर सुरू करायचा धीर झाला नाही.