रांग खाली बसायच्या आत

वीज जाणार हे खापरखेड्याच्या बाईंना विजेच्या आधी कळायचं. डोक्यावरच्या पंख्याचा सूर जरासा उतरला की त्या म्हणायच्या, "आवरा रे पोट्टेहो." आम्ही हातातली नोंद पुरी करतो न करतो तोच धंतोलीतला आमचा अख्खा दवाखाना गप्प व्हायचा. बाईंचे यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. त्यामुळे बाईंना घरूनच आतली खबर मिळते, असा माझा सिद्धांत होता. तो मी एकदा बोलूनही दाखवला.

"हो ना गा," बाई म्हणाल्या. "नवरा वीज घालवते, मी मशीन उठवते. असा चालते आमचा संसार."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लिनक्सचा जन्म व्हायचा होता. आमच्याकडे होतं ते युनिक्सचं एक मशीन, लहान फ्रिजएवढं, आणि त्याला जोडलेले चार पडदे. त्यातला एक केसपेपरच्या खिडकीवर. जनरेटर होता, पण तो शस्त्रक्रियेच्या खोलीसाठी. उन्हाळ्यात वीज दिवसातून दोनतीनदा जायची. परत आली की दिवे लगेच लागत, मशीन मात्र दुपारच्या झोपेतून उठलेल्या सासऱ्यासारखं उठायचं. आधी सगळी डिस्क तपासायचं, मग एकेक सेवा जागी करायचं, आणि सर्वांत शेवटी खिडकीवरचा पडदा उजळायचा. तोवर कुही-उमरेडकडून पहाटेच्या एसटीने आलेली माणसं खिडकीसमोर तिष्ठत असायची.

व्यवस्थापकसाहेब एक दिवस शांतपणे म्हणाले, "मे अखेरपर्यंत बघतो. खिडकी अशीच बंद राहिली तर मशीन अडगळीत आणि रजिस्टरं परत टेबलावर." हे मशीन यावं म्हणून बाई वरिष्ठांशी वर्षानुवर्षं भांडल्या होत्या. त्यांची जागाही मशीनपुरतीच मंजूर होती. मशीन अडगळीत म्हणजे बाई घरी.

मी मुंबईहून संगणकाचा कोर्स करून आलो होतो आणि तो छातीवर बिल्ला लावल्यासारखा मिरवत होतो. बाई मला 'पंडित' म्हणायच्या. मी ते कौतुक समजायचो.

बाई रजेवर असताना पंडितांनी हालचाल केली. सर्वांत जास्त वेळ डिस्क तपासण्यात जातो ना, मग ती तपासणीच काढून टाकली. दुपारी वीज जाऊन आली आणि मशीन असं टुणकन उठलं की मी स्वतःच्या खर्चाने सगळ्यांना समोसे खिलवले. पण वीज गेली की डिस्कवर अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं आणि ते निस्तरायलाच ती तपासणी असते, हे समोशांच्या भरात माझ्या लक्षात आलं नाही. आणखी दोनदा वीज गेली आणि नोंदींची सरमिसळ झाली. कुहीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात प्रसूती विभागाचा केसपेपर पडला. बिचारा बायकांच्या बाकावर सज्जनपणे बसून राहिला. शेवटी नर्सने त्याला हाताला धरून परत आणलं. "मले तिकडे काहून धाडलं गा?" त्याने विचारलं. "बाया हासून राहिल्या होत्या." मुंबईच्या कोर्समध्ये याचं उत्तर शिकवलं नव्हतं.

बाई आल्या. सगळं निस्तरायला त्यांना दोन दिवस लागले. पुढच्या वेळी पंख्याचा सूर उतरला तसं फक्त म्हणाल्या, "पंडित, बाहेर जाय. रांगेत उभा राय."

गेलो. वीज गेली, आली, आणि खिडकी बंदच. काही वेळ सगळे उभे होते. मग एक जण उकिडवा बसला, आणि बघता बघता रांगच खाली बसली. कुणी शिदोरी सोडली, कुणी पोराला मांडीवर निजवलं. माझ्यापुढची बाई तापाने फणफणली होती. ती तेवढी भिंत धरून उभी.

"बसा ना थोडं," मी म्हटलं.

"बसली तं उठनं होत नाई, भाऊ," ती म्हणाली.

मी आत येऊन हे सांगितलं. बाईंनी मान हलवली. "मी घड्याळ पायतच नाई. रांग खाली बसायच्या आत खिडकी उघडली पायजे. बाकीचं मशीन कवाही उठो."

मग बाई कामाला लागल्या. मशीन उठताना पडद्यावर जाग्या होणाऱ्या एकेका सेवेची ओळ यायची, आणि बाई लग्नघराच्या दारात उभ्या असलेल्या थोरल्या आत्यासारख्या तिची चौकशी करायच्या.

"हा कोण?"

"महिन्याचे अहवाल छापायच्या प्रिंटरचा कारभार बघतो."

"खिडकीले त्याचं आता काम हाये?"

"नाही."

"मंग झोपू दे. हा?"

"कुणाचा निरोप आला का ते बघतो."

"निरोप कोन धाडते आपल्याले? झोपू दे."

अशी सगळी वरात त्यांनी मागे थोपवली. डिस्कची तपासणी मात्र त्यांनी टाळली नाही. त्यांनी डिस्कचे दोन भाग केले. आजच्या नोंदींचा लहानसा कप्पा वेगळा काढला. तो आधी तपासायचा, खिडकी उघडायची, आणि जुन्या वर्षांचं गाठोडं मागाहून सावकाश तपासायचं. "नवरदेव आला का लग्न लावून टाक," त्या म्हणाल्या. "वऱ्हाड येत राहीन." मशीन तेच, डिस्क तीच. फक्त उठण्याचा क्रम बदलला.

मे संपताना व्यवस्थापकसाहेब स्वतः येऊन उभे राहिले. वीज गेली आणि आली. साहेबांनी मला विचारलं, "नक्की बदल काय केलाय?" विचारायला नको होतं. मी डिस्कच्या रचनेपासून सुरुवात केली. हातवारे केले, हवेत कप्पे काढून दाखवले. शेवटी साहेब कंटाळून बाईंकडे वळले. "बरं, सुरू केव्हा होणार?"

बाईंनी काचेपलीकडे बोट दाखवलं. खिडकीतून केसपेपर बाहेर जात होते.

"कधी झालं?"

"तुम्ही पंडितचं ऐकून राहिले होते तवा."

रांग उभीच होती आणि पुढे सरकत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "ती रजिस्टरं माळ्यावर टाका."

पुढच्या वर्षी यजमानांची परळीला बदली झाली आणि बाई निघाल्या. शेवटच्या दिवशी वीज नेमकी जाईना. बाईंची करामत जाता जाता एकदा सगळ्यांना दिसावी, असं मला फार वाटत होतं. निरोपाचा चहा झाला, हार झाला, बाई पर्स घेऊन उठल्या. मी हळूच मागे सरकलो आणि मेनस्विचवर हात ठेवला.

मागून मनगट धरलं गेलं. बाईंची बोटं चांगलीच मजबूत होती.

"पंडित," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "खिडकीवर मानूस हाये."

एकच म्हातारा होता. चष्म्याच्या घरातून सुटे पैसे शोधत होता. त्याच्या हातात केसपेपर पडेपर्यंत बाई मनगट धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते सोडलं आणि बस पकडायला निघून गेल्या.