मागच्या सीटवरचे बोलणे

२० नोव्हेंबरला टोटलकाकांनी ६,८४० रुपये रोख मोजले आणि आपल्या नव्या, लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलला पुढची काच बसवून घेतली. गोदामाच्या कचेरीत जन्मभर बेरजा केल्या म्हणून त्यांचे हे नाव पडलेले. नोकरी आता संपत आली होती.

काच बुटकी, पण झोकदार होती. फिटरने त्यांना सीटवर बसवून पाहिले. वरची कड बरोबर नाकाच्या शेंड्याला येत होती.

"अगदी मापात! काचेवरून रस्ता दिसतो, छातीला वारा नाही. एकट्याला याहून बरी काच नाही."

"एकटा कुठे? मागे बायको असणार."

"मग आधी नाही का सांगायचं, काका? आणा त्यांना."

बायको लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली होती. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि नातू आता रांगायला लागला होता.

"तिला मागून बोलायची सवय," काका म्हणाले. "जुन्या गाडीवर तिचं सगळं बोलणं वाऱ्यावर गेलं. आता तरी ऐकू यायला हवं."

"चला, मीच बसतो तुमची बायको होऊन," फिटर मिशीला पीळ देत म्हणाला. "उंची किती बाईंची?"

काकांनी हात स्वतःच्या कानाशी नेला, मग जरा खाली आणला. "इथवर."

फिटर तेवढा वाकून बसला. मोठ्या रस्त्यावर गाडीने वेग घेतला तसा तो मागून काहीतरी बोलला.

"हो, हो," काका म्हणाले.

तो आणखी काही बोलला.

"हो, हो."

दुकानापाशी उतरल्यावर फिटरने हात जोडले. "पहिल्यांदा विचारलं, गाडी मला देऊन टाकता का. मग विचारलं, टाकी पण भरून देता का. कागद कधी करायचे?"

दुकानात हशा पिकला. काकाही हसले, पण चेहरा उतरला. ते बाजूला गेले आणि त्यांनी बायकोला फोन लावला.

"तू गाडीवर मागून काय काय बोलायचीस गं?"

"आज कुठून सुचलं हे? तुम्ही तर सगळ्याला 'हो, हो' म्हणायचात."

"मला ऐकूच यायचं नाही."

"ठाऊक होतं की मला! म्हणून तर बोलायचे."

"आता ऐकू येईल अशी काच लावतोय. मग बोलशील?"

पलीकडे नातवाने भोकाड पसरले. "उठला बघा. ठेवते हं," म्हणत तिने फोन ठेवला.

फिटरने दुसरी काच काढून ठेवली होती. किंमत तीच, उंची चार बोटे जास्त. "हिच्यामागे दोघांना निवारा. बोलणं कळेल. पण तुम्हाला रस्ता काचेतून बघावा लागेल, धुळीत त्रास होईल. एकटेच फिरणार असाल तर बुटकी राहू द्या."

"उंच लाव."

"बाई येणार कधी?"

"तू लाव रे उंच."

घरी परतताना वारा डोक्यावरून निघून जात होता. मागचे रिकामे पायदान खडखडत होते, तेसुद्धा ऐकू येत होते. चढ लागला तसा काकांनी वेग कमी केला, मान किंचित मागे कलती केली आणि घर येईपर्यंत तशीच ठेवली.

काच बदलण्याची मजुरी, दीडशे रुपये, फिटरला अजून द्यायची आहे.