ओली पट्टी

वडील गेल्यावर चामटोलीतल्या आमच्या घरात कमावणारी एकटी आई. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात ती शिलाईला बसायची. घरी आली की तिच्या नखांत निळा रंग आणि आमच्या ताटात भात-आमटी. त्या भातावर मी कॉलेजात गेले. आमच्या घरात ही पहिलीच वेळ, आणि ते सांगताना मी आवाज खाली करत नाही.

मशीनखाली मोटरचा पट्टा फिरतो. त्यावरची जाळी शेठने काढून ठेवलेली, कारण ती असली की अडकलेला दोरा काढायला वेळ लागतो. खाली पडलेली बॉबिन उचलायला आई वाकली आणि वेणी पट्ट्यात गेली. कपाळापासून मानेपर्यंतची कातडी केसांसकट निघाली. त्या कातडीच्या इतक्या चिंध्या झाल्या होत्या की परत शिवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेठ हॉस्पिटलच्या दारात मला म्हणाला, "बाल संभालके बैठना चाहिए था ना. मशीन की क्या गलती?"

"जाळी कुणी काढली?" मी मराठीतच विचारलं. तो फोन कानाला लावून निघून गेला.

सर्जन बाईंनी मात्र सरळ सांगितलं. "हाडावरचा पातळ पडदासुद्धा गेलाय. उघड्या हाडावर नुसती कातडी लावली तर धरत नाही. पाठीचा स्नायू आणून बसवावा लागेल. तारीख मिळेपर्यंत घरी न्या, पण पट्टी सलाइनने सतत ओली ठेवायची. हाड सुकलं की मरतं. आणि त्याच्याखाली मेंदू आहे, हे विसरू नका."

शेजारी राहणाऱ्या आत्याला हे पटणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे जखमेला पाणी म्हणजे पाप.

"पानी लागलं का जखम पिकते. लहान पोराला बी म्हाईत हाय."

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरच्या बापाचं काय जातंय? चार बुकं वाचून तू मला शिकवू नको."

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू झाली. मी पेपरला गेले की आईजवळ आत्या बसायची. तिने ओल्या पट्ट्या काढून टाकल्या, हाडावर हळद दाबली आणि वरून स्वच्छ कोरडी पट्टी बांधली. मी यायच्या आधी वरच्या पट्टीवर सलाइन शिंपडून ठेवायची. आई तापात होती, तिला कळत नव्हतं. मी हात लावायची तर पट्टी ओली लागायची.

हॉस्पिटलात पट्टी उघडली तेव्हा हाड पिवळं, कोरडं ठक्क होतं. बाई माझ्यावर ओरडल्या. मी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन आत्यावर त्याहून मोठ्याने ओरडले. ती म्हणाली, "चांगलं करायला गेले तर हे फळ." माफी तिने आजवर मागितलेली नाही, आणि मीही दिलेली नाही.

मेलेलं हाड घासावं लागलं, आतून रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत. मग पाठीचा स्नायू त्यावर पसरून त्याच्या रक्तवाहिन्या कानापुढच्या वाहिन्यांना जोडल्या, वर मांडीची कातडी लावली. ठिपके आले नसते तर पुढचं काय, ते बाईंनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आई घरी आली तेव्हा आत्या गावभर सांगत फिरत होती, "माझ्या हळदीनेच भरलं बघा." आमच्या ओट्यावर चार बायकांसमोर तिने तेच म्हटलं. आईने डोक्याचा रुमाल सोडला.

"हात लावा, वन्सं. हे माझ्या पाठीचं मास हाय. तुमची हळद घासून काढली त्यांनी."

आत्याने हात लावला नाही. चहा अर्धा टाकून गेली.

केस आले नाहीत, येणारही नाहीत. मी पदवीधर झाले. आईच्या डोक्यावर आता कुठेही उघडं हाड नाही, आणि ती डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ करते.