बुरुलएजेची हिमनदी

बुरुलएजे माझी शेजारीण. एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्या गल्लीत तिला सगळे तसंच म्हणतात. तिचा नवरा असानकुल तीस वर्षं जवळच्या डोंगरांतल्या आला-आर्चाच्या राष्ट्रीय उद्यानात लोकांना हिमनदीपर्यंत नेत असे. त्याची पाठपिशवी ती भरायची. किती दिवसांना किती नान, किती कुरुत, म्हणजे सुकवलेल्या खारट दह्याचे गोळे, हे तिला तोंडपाठ. स्वतः मात्र ती उद्यानाच्या फाटकापलीकडे कधी गेली नव्हती.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली त्या जूनमध्ये आम्ही दोघी जर्दाळूच्या बिया काढत बसलो होतो. ती एकदम नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला हिमनदी बघायची आहे."

"माझे गुडघे गेले आणि तुला पाय फुटले होय?"

"तीस वर्षं जगाला नेलंत. मला एकदा तरी विचारलंत?"

"तू कधी म्हणालीस?"

ती बिया काढत राहिली. मलाच अवघडल्यासारखं झालं. शेवटी असानकुल म्हणाला, "ऑगस्टच्या सुरुवातीला जा. एकटी नको, जिबेकला ने."

जिबेक म्हणजे मी. मला कुणी विचारलंही नाही.

मग दीड महिना त्याने आमचा पिच्छा पुरवला. अंगणात तंबू ठोकायला लावला, उतरवायला लावला. पाठीवर बटाटे देऊन मागची टेकडी चढवली. "ओढा सकाळीच ओलांडा, दुपारी पाणी चढतं." सगळं एजेने ऐकलं, फक्त शिधा सोडून.

"दोन रात्रींना चार दिवसांचं कशाला?"

"तुम्ही दोन रात्री सांगून चौथ्या दिवशी यायचात म्हणून."

पहिल्या रात्री धबधब्याच्या वर तंबू ठोकला. दुसऱ्या दिवशी चढून तांबड्या खडकापाशी पोचलो. बर्फ इथून सुरू होतं, असं असानकुलने सांगितलं होतं. तिथे नुसते दगड होते आणि गढूळ पाणी.

"चल एजे, फिरू या मागे," मी म्हणाले.

"ते खोटं नाही गं बोलले. बारा वर्षांपूर्वी, हे शेवटचे आले तेव्हा असेल इथेच." आणि ती वर चालू लागली.

तासाभराने बर्फ लागलं. राखाडी, मातीने माखलेलं, आतून पाणी ठिबकत होतं. माझा तर विरसच झाला. एजेने हातमोजा काढून तळवा टेकवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"इतकं मळकं असेल वाटलं नव्हतं," ती म्हणाली. मग हळूच, "आणि हे वेळेवर परत येईनात की मी घरात धुमसत बसायचे, एवढं काय आहे तिथे म्हणून." डोळे पुसून तिने मला कुरुत दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी असानकुल फाटकापाशी बाकावर बसलेला दिसला.

"लागलं ना बर्फ तांबड्या खडकापाशी?"

मी खाली पाहिलं. एजे स्पष्ट म्हणाली, "नाही. तिथे दगड आहेत. बर्फ वर गेलंय, तासभर."

त्याचा चेहरा उतरला. "तासभर?"

"माझ्या पायांनी. तुमच्या तेव्हाच्या पायांनी अर्धाच."

तो जरासा हसला. गाडीत बसल्यावर विचारू लागला, दगड केवढे होते, पाणी कुठल्या अंगाने येत होतं, वर भेगा दिसल्या का. एजे न कंटाळता सांगत होती. मी मागे डोळे मिटून पडले, पण झोप लागली नव्हती.