आख्खी गिळायची गोळी

नव्वदच्या दशकात मी जळगावला एम. फार्म. करत होते. पिंप्राळ्यात खोली होती आणि प्रबंधाचा विषय असा ऐटबाज, की सांगताना माझीच मान ताठ व्हायची: पोटात न विरघळता थेट मोठ्या आतड्यात उघडणारी गोळी. खरं म्हणजे गोळीला जाड लेप चढवायचा, एवढंच. माझा लेप तर पठ्ठ्या कुठेच उघडत नसे. गाईड म्हणायचे, वाट पाहा. वाट पाहता पाहता वीज जायची.

तिकडे धुळ्याजवळ गावी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नेमक्या मोठ्या आतड्यातच जखमा झाल्या होत्या. शौचावाटे रक्त जायचं. डॉक्टरांनी लेपाच्याच गोळ्या दिल्या होत्या, पण गुण येईना. आता ते ऑपरेशनचं बोलू लागले होते. मी घाबरून गावी गेले.

सकाळी पाहते तर माय खलबत्त्यात गोळी कुटतेय. शेजारी मधाची वाटी.

"हे काय?" मी किंचाळले.

"आख्खी गिळी तं आख्खीच बाहेर येस," माय म्हणाली. "तुन्हा आबानी सोता देखेल शे."

एकदाच तसं झालं होतं, पण तेव्हापासून घरात खलबत्ता सुरू. मी तिथेच व्याख्यान ठोकलं. लेप फुटला की औषध पोटातच उधळतं, जखमेपर्यंत पोचतच नाही! खताच्या एजंटाचं ऐकावं तसं आबांनी ते ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "आख्खी गिळसू. पण रोज देखसू. आख्खी निंघनी तं पुन्हा कुटसूत."

दुसऱ्या दिवसापासून आबा टमरेलासोबत एक काडीही घेऊन वावरात जाऊ लागले. माझे गाईड माझ्या प्रयोगाकडे कधी इतक्या जवळून वाकले नव्हते.

मी जळगावला परतले. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून विचारलं, "माणसाच्या शरीरात असा लेप उघडतो, हे तुम्ही स्वतः तपासलंय?"

मला काडी दिसली. हसू दाबत म्हटलं, "तपास चालू आहे, सर."

संध्याकाळी घरमालकांकडे आबांचा फोन आला. आधी ते नुसतेच खाकरले.

"आते काहीच निंघत नही," आबा म्हणाले. "रगतबी थांबनं. डॉक्टर म्हणे, ऑपरेशन नको."

घरमालकीणबाईंसमोर मी हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं, नापास झाले.